विहीर बघून केलेलं लग्न

हरभऱ्यात घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावत होतो. तामलवाडीच्या शिवारात ही वस्तू आता नवी नाही. तरी शेजारच्या वावरातल्या काकू खुरपं टाकून बांधावर आल्या.

"काय रं टांगलंस हे?"

"वासाचं औषध हाय, काकू." वडीलधाऱ्यांसमोर 'कामगंध' हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही.

बायको सापळ्याची काठी रोवत होती. "औषध कुठलं? मादीचा वास लावलाय त्यात. नर पतंग त्याला भुलून येतो अन् पिशवीत पडतो."

"अगं बया! म्हंजी आपल्या गड्यांवानीच की."

"आमच्या ह्यांचं नका सांगू. हे मला बघून कुठं भुलले? मला बघायला म्हणून मुरुमला आले, आमची विहीर बघितली अन् हो म्हणाले."

काकू खदखदून हसल्या. बायकोही हसली, पण रोवून झालेली काठी पुन्हा दाबत बसली. दर वेळी ह्या गोष्टीवर ती अशीच हसते आणि दर वेळी मी गप्प बसतो.

आमच्या घरात 'मोह' हा शब्द फक्त कीर्तनात भेटायचा. चटक चहाची, ओढ बैलाला गोठ्याची, आणि नाद म्हटलं की तंबाखू नाहीतर वाया गेलेलं पोरगं. चांगल्या घरच्या मुलाला मुलगी आवडली, तर ते सांगायला शब्दच उरला नव्हता. मुलगी बघून परतताना एसटीत चुलत्यांनी "काय आवडलं?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "विहिरीला पाणी चांगलं हाय." पोरगा शहाणा ठरला. पुढं भर मांडवात, तिच्यासमोर, ते सगळ्यांना सांगितलं गेलं आणि मी मान खाली घालून हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

"विहीर म्या बघितलीच न्हाय," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

"सगळे विहिरीकडं गेले. चप्पल सापडंना म्हणून मी ओसरीवर राहिलो. चप्पल मीच बाजेखाली सारली होती." आता थांबणं शक्य नव्हतं. "तुमच्या वासरानं चुलत्यांची टोपी चघळली होती, अन् तू दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होतीस. हातातली पोह्यांची बशी हलत होती. तेच बघत बसलो. भूल म्हण, भुरळ म्हण."

काकू म्हणाल्या, "मग पिशवीत पडलास म्हण की!"

"पडलो. अन् सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ हाय. लग्नानंतर प्यालो, तेव्हा कळलं."

"माहेरच्या पाण्याला नावं ठेवायची न्हाईत हां!" तिनं काठी सोडली, पुढचा सापळा उचलून ओळीतनं चालायला लागली. मधेच वळली.

"पदर कुठल्या रंगाचा होता?"

"अबोली," मी म्हणालो. काकू समोर होत्या, तरी मोठ्यानं.