आहेरातले उबदार कपडे

ओल्या सिमेंटचा वास थंडीत वर जातच नाही. उन्हाळ्यात तो पाण्याबरोबर पाहता पाहता उडून जातो. पण मार्गशीर्ष सरत आला, की पहाटेच्या धुक्यात तो जमिनीलगत रेंगाळत राहतो, शेजारच्या रानातल्या हरभऱ्याच्या आंबट दवात मिसळतो आणि नाकाशी येतो तेव्हा त्यात मातीही असते, पाणीही असते आणि एक कोवळी, हिरवी, तुरट झाकही असते. वाटूरच्या फाट्यापासून थोडं आत, काळ्या रानाच्या कडेला माझं घर उभं राहत होतं, त्या दिवसांतल्या सगळ्या सकाळी मला या वासासकट आठवतात. आणि त्यासोबत घमेल्याच्या पत्र्यावर थापी खरवडल्याचा तो कर्कश, तरीही किती आश्वासक आवाज! सनईपेक्षा तो मला गोड वाटायचा, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. ज्यांनी आयुष्यभराच्या नोकरीतून एक घर बांधलं आहे, ते हसणार नाहीत.

मी शाळेत मराठी शिकवते. घरात मी आणि माझी माय, अशा दोघीच. आमच्या भिंती चढवत होते ते अंबादास मिस्तरी आणि त्यांची बायको कुशावर्ता. दोघं मूळचे हसनाबादकडचे. जिथे काम मिळेल तिथे पत्र्याची खोली उभारायची, एक पेटी आणि एक चूल मांडायची आणि दुसऱ्याचं घर पुरं झालं की आपलं घर उचलून पुढे निघायचं, असा त्यांचा संसार. मिस्तरी परांचीवर उभे राहून वीट बसवायचे. कुशावर्ता खाली माल कालवायची, घमेलं वर द्यायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आदल्या दिवशीच्या भिंतींवर पाणी मारायची. बांधकामावरच्या सगळ्याच बाया घालतात तसा तिनंही लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला असे. पाणी मारता मारता त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या आणि मग सूर्य चांगला वर येईपर्यंत तशाच ओल्या राहायच्या.

मराठवाडा म्हटला की लोकांना ऊनच आठवतं. आमच्या थंडीची कुणी कीर्तीच गायली नाही! पण उघड्या रानात, जिथे अडवायला ना डोंगर ना दाट झाडी, तिथे उत्तरेचा वारा पहाटे सुटतो तेव्हा तो अंगावरून जात नाही, अंगातून जातो. घरात गोधडीत गुरफटलेल्या माणसाला थंडी हा ऋतू असतो, कौतुकाचा विषय असतो, गरम भाकरीचं निमित्त असतो. परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला ती काय असते? एके सकाळी कुशावर्तानं पाण्याचा पाइप हातात धरून मला ते सांगितलं, माझ्याकडे न पाहता, भिंतीकडे पाहत.

"मागच्या थंडीत ह्यान्ला निमोनिया झाल्ता, बाई. दवाखान्यात ठेवावं लागलं. डाक्टर म्हन्ला, पुन्यांदा छातीत गारठा भरला तं हे काम बंद करा. बिलकुल बंद." मग जरा थांबून म्हणाली, "थापी सुटली तं हा माणूस बसून राहून मरंल. त्यान्ला दुसरं काहीच येत न्हाई."

त्या दिवसापासून माझं लक्ष घरावरून उडालं आणि मिस्तरींच्या अंगावर खिळलं. त्यांच्याजवळ कुणीतरी दिलेलं एक भलंमोठं, कापूस भरल्यासारखं फुगलेलं जॅकेट होतं. सकाळी ते घालून परांचीवर चढायचे. दहा-पाच विटा लावून झाल्या की आत घामाच्या धारा. मग ते जॅकेट काढून बांबूला अडकवायचे, आणि घामानं चिंब झालेल्या एका पातळ शर्टावर तो उत्तरेचा वारा झेलत उभे राहायचे. एक तर सगळं अंगावर, नाही तर काहीच नाही! मला त्यांना ओरडावंसं वाटायचं. पण चार वर्गांना वर्षानुवर्षं दटावत आलेल्या बाईचाही आवाज मिस्तरीपुढे बारीक होतो, हे घर बांधताना कळतं.

माझे वडील मेंढरं राखायचे. आमची मागची पिढी अशीच रानोमाळ हिंडलेली. थंडीच्या दिवसांत लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची आणि त्यांच्याशेजारी आपणही उघड्यावर निजायचं. वडिलांकडून मला जमीन मिळाली नाही, पण थंडीशी वागायची रीत मिळाली. अंगालगत पातळ बंडी, वर शर्ट, त्यावर घोंगडी. चालायला लागले की सगळ्यात आधी घोंगडी खांद्यावर जायची, उभे राहिले की पुन्हा अंगावर यायची. घाम फुटायच्या आधीच एक थर उतरायचा आणि हुडहुडी भरायच्या आधीच एक चढायचा. ऊब ही कपड्यात नसते, दोन कपड्यांमधल्या जागेत असते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगा, घराची भिंत तरी काय वेगळं करते? वीट एकटी कधी ऊन-पाऊस झेलत नाही. तिच्यावर गिलाव्याचा पहिला हात येतो, मग दुसरा, मग रंग. आपण विटेचे इतके लाड करतो. आणि ती वीट लावणाऱ्या माणसाच्या अंगावर मात्र एकच सदरा!

तेव्हा एका रविवारी मी कुशावर्ताला एसटीत घातलं आणि आम्ही जालन्याच्या बाजारात गेलो. मिस्तरींना सांगितलं, खिळे आणायला चाललोय. उबदार कपड्यांच्या दुकानात इतकं चोखंदळपणे मी घरच्या लग्नकार्याचंसुद्धा कापड पाहिलं नव्हतं. अंगालगत घालायला सुती नको, कारण सूत घाम पितं आणि ओलंच राहतं. तेव्हा अंगाला बसणारं, चटकन वाळणारं थर्मल. त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, म्हणजे छाती-पाठ झाकलेली आणि हात मोकळे. आणि सगळ्यात वर वारा अडवणारं, दाट विणीचं, पण आतून पातळ अस्तराचं जॅकेट, गळ्यापर्यंत चेन असलेलं. लोंबणारी नाडी नको, परांचीच्या बांबूत अडकेल. टोपडं नको, खालून मारलेली हाक ऐकू येणार नाही. पाठीला मात्र लांब हवं, वाकल्यावर कंबर उघडी पडायला नको. दुकानदारानं एक सुरेख जॅकेट पुढे केलं. मी ते अंगात घातलं आणि आरशासमोर दोन्ही हात वर करून छताला गिलावा करू लागले. काखेत ताणलं. दुसरं घातलं. वाकून घमेलं उचललं, मागे वळून ते दिलं. दुकानातली गिऱ्हाइकं थबकली. कुशावर्ता पदर तोंडात धरून इतकी हसत होती, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"बाई, जल्दी आटपा," ती कशीबशी म्हणाली, "लोक समजतील बाईच्या डोक्यात काईतरी झालं."

मिस्तरींचं झाल्यावर मी तिच्या मापाचं तसंच सगळं मागितलं. तिचं हसू एकदम थांबलं. "मला कशाला? एवढा खर्चा कशाला करून राह्यल्या?" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि पिशवी हातात आल्यावर मात्र वाटूर येईपर्यंत ती तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता इथवर सगळं नीट झालं होतं. नडली ती आमची रीतभात. मायला मी पिशव्या दाखवल्या तेव्हा तिनं कपड्यांवरून हात फिरवला आणि फर्मान सोडलं, "हे असं नुसतं हातात देत्यात व्हय? चौकटीच्या दिशी मान करून दे." मुख्य दाराची चौकट तेवढी मुहूर्तासाठी थांबली होती. त्या दिवशी चौकटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, मिस्तरींना पाटावर बसवून टॉवेल-टोपीसह तो आहेर मायनं आपल्या हातानं दिला, आणि शेजारी कुशावर्ताची ओटी भरून तिचाही दिला. मिस्तरींनी जॅकेट कपाळाला लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परांचीवर उभे होते, तेच फुगलेलं जॅकेट बांबूला टांगून, त्याच घामेजल्या शर्टावर. मी विचारलं, तर ते माझ्याकडे अशा नवलानं पाहू लागले, जणू मी त्यांना देवळातल्या समईवर चहा करायला सांगितला होता. "बाई, मानाचा आहेर हाय त्यो. सिमेटात घालू व्हय? पेटीत ठिवलाय. पुतणीच्या लग्नात घालीन."

त्यांचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत! आमच्याकडे मानाचं वस्त्र कामाला वापरलं की देणाऱ्याचा अपमान होतो. बाजारातून आणून नुसतं हातात कोंबलं असतं, तर त्यांनी ते त्याच दिवशी मळवलं असतं. हळदकुंकू लावून आम्ही त्या कपड्यांची ऊबच कुलपात घातली होती. मी मायला म्हटलं, तूच सांग त्यांना. माय म्हणाली, "दिलेल्या मानाला आपण कसं बोट लावावं?" आणि तीही रोज येऊन विटांच्या ढिगाशेजारी उन्हात बसायची आणि परांचीकडे काळजीनं बघत राहायची. पौष लागला. बाहेरचा गिलावा सुरू झाला. उत्तरेची भिंत राहिली होती, आणि मिस्तरींना खोकला सुरू झाला होता. "मी बराबर हाय," ते म्हणायचे आणि पुढचं वाक्य खोकल्यात जायचं.

अशाच एका धुकट सकाळी त्यांना असा खोकला आला, की थापी हातात धरूनच ते परांचीवर खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत. कुशावर्तानं डोक्यावरचं घमेलं उतरवलं. ती पत्र्याच्या खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि मिस्तरींचे कपडे उराशी धरून ती बाहेर आली. मला वाटलं, आता ती विनवणी करेल. तिनं जॅकेट वाळूवर पसरलं, घमेल्यातला मूठभर ओला माल उचलला आणि त्याच्या ऐन छातीवर फासला.

"अगं, अगं! मानाचं हाय ते!" मिस्तरी वरून ओरडले.

"झालं का आता जुनं? घाला मंग!" तिचा आवाज फाटला होता. "तुमी हायत तं मान हाय!"

मिस्तरी हळूहळू उतरले, कपडे उचलून खोलीत गेले, आणि आले तेव्हा तिन्ही थर अंगावर होते, डोक्यावर आहेरातली टोपी होती. त्यांनी मायकडे एकदा अपराध्यासारखं पाहिलं आणि परांची चढले. त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला हटला. ऊन चढलं की जॅकेट बांबूवर जायचं, स्वेटर अंगावर राहायचा, आणि उत्तरेची भिंत त्यांनी स्वतःच्या हातानं पुरी केली. आज त्याच भिंतीशी बसून मी हे लिहिते आहे. बाहेर वारा आहे आणि आत तो नाही. या एवढ्याशा वाक्यासाठी माणसानं कुणाकुणाचे आभार मानावेत! आपण घर बांधलं म्हणतो. खरं तर कुणीतरी आपल्या छातीवर वारा घेतला, म्हणून आपल्या छातीवर तो आला नाही. मी कृतज्ञ आहे, आणि हा शब्द मला आज पुस्तकी वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सकाळचं, त्यानंतरचं. मिस्तरी चढले, आणि कुशावर्ता पुन्हा घमेलं भरायला वळली, तेव्हा विटांशेजारून माय उठली.

"अन् तुझं कुठंय गं?"

"माझं राहू द्या, माय. पेटीत हाय. मला कुठं थंडी वाजती?" तिच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं आणि ओठ काळेनिळे पडले होते.

"आण."

ती घुटमळली, पण गेली आणि घेऊन आली. घडीसुद्धा मोडली नव्हती. जिनं तो आहेर स्वतः हळदकुंकू लावून दिला होता, त्या माझ्या म्हाताऱ्या मायनं घमेल्यात हात घातला आणि कुशावर्ताच्या कोऱ्या जॅकेटवर, खांद्यापासून खिशापर्यंत, तो ओला माल सावकाश पसरला. "झाला तुझा बी मान, लेकी," ती म्हणाली. "आता घाल."

कुशावर्ता खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. पण घमेलं उचलायला ती वाकली नाही. दोन्ही हात खिशात घालून, उत्तरेकडे तोंड करून, ती वाऱ्यात नुसती उभी राहिली. वरून मिस्तरींनी माल मागितला. मायनं त्यांना हातानंच थांबवलं.