नथ्थूचा टीव्हीतला डोंगा

मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत नथ्थूला न ओळखणारा माणूस शोधायचा, तर पहिल्यांदाच जत्रेला आलेलं तान्हं लेकरू शोधावं लागलं असतं. बापाच्या वेळेपासून वैनगंगेच्या काठी त्यांचा हातानं फिरवायचा लाकडी पाळणा उभा राहायचा, आणि पाळण्यापेक्षा नथ्थूचं तोंडच जास्त फिरायचं. "बसा बाई, बसा, लेकरू मांडीवर घ्या, चप्पल खाली पडली तं मले बोलू नका, तुमी पडल्या तं सांगा, झेलतो!" हे सगळं एका दमात. आणि 'झेलतो'वर पाळण्याला असा हिसका, की वर बसलेली बाई खरोखरच देवाचं नाव घ्यायची.

मग जत्रेत विजेवर फिरणारे, दिव्यांच्या माळा ल्यालेले उंच पाळणे आले. नथ्थूकडे उरल्या त्या उंचीला भिणाऱ्या म्हाताऱ्या. त्याही बसल्या बसल्या "हळू गा, हळू" सुरू करायच्या. "हळूच पाह्यजे तं घरी बंगईवर झोके घ्या ना!" असं एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या वर्षी म्हाताऱ्याही गेल्या.

पुढं एकदा नटबोल्ट घ्यायला तो नागपूरला सीताबर्डीवर गेला. एका दुकानापुढं ही गर्दी. आत टीव्ही, टीव्हीत नदी, नदीत होडीसारखा इवलासा डोंगा, आणि एक पोट्टा बटणं दाबून तो डोंगा दगडांतून वाचवत होता. सगळे टीव्हीकडे पाहत होते. नथ्थू गर्दीकडे पाहत होता.

त्यानं पाळणा वरोऱ्याच्या एका जत्रेवाल्याला देऊन टाकला. जे हाती आलं त्यात जुना काळा-पांढरा टीव्ही, जुना टेपरेकॉर्डर आणि शाळेच्या पाटीएवढा, रबरी बटणांचा एक जुना कॉम्प्युटर आला. खेळ होता कॅसेटमध्ये. गाण्याची असते तशीच कॅसेट. ती टेपमध्ये लावायची, टेपची वायर कॉम्प्युटरला जोडायची, मग कॅसेटमधला किरकिराट ऐकून ऐकून कॉम्प्युटर अख्खा खेळ डोक्यात घेतो. दुकानदारानं एवढं शिकवलं आणि वर बजावलं, "टीव्हीत खाली इंग्रजी ओळ आली की समज, त्याला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून."

नथ्थूची बायको केसरबाई. तिचा भाऊ श्रावण याचं जत्रेत शेजारीच भज्यांचं दुकान. पाळणा गेला हे कळलं तेव्हा केसरबाईनं भावासमोरच निकाल दिला. "शिवरातीले डोंगा चालला तं बरं. नाई तं त्या दिवसापासून तुमी श्रावणच्या कढईपाशी बसान."

"बसन," नथ्थू तोऱ्यात म्हणाला होता. तेव्हा कढई लांब होती.

जत्रा भरली, तंबू लागला. केसरबाईनं नारळ फोडला तो तंबूबाहेर; नथ्थूनंच तिला पिटाळलं, नाही तर पाणी यंत्रावर उडालं असतं. पण हळद-कुंकवाला त्याची ना नव्हती. टीव्हीला लावलं, टेपला लावलं. कॅसेटला तिनं तेलात कालवलेलं कुंकू लावलं ते नेमकं तळाशी, जिथं फीत उघडी असते तिथं.

"तिथी काऊन?"

"तोंडाले लावा लागते. इथूनच बोलते ना हे?"

नथ्थूनं कॅसेट तशीच टेपमध्ये ढकलली. त्या संध्याकाळी डोंगा चालला. पोट्ट्यांची झुंबड उडाली, नथ्थूचं तोंड सुटलं, श्रावणची भजी थोडा वेळ कढईतच राहिली.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी ओळ आली. पुन्हा लावलं, पुन्हा ओळ. तिसऱ्यांदा कसाबसा डोंगा निघाला. त्याच्या पुढच्या दिवशी, म्हणजे शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, निघालाच नाही. पीईईई... टुर्र... किर्रर्रर्र, की ओळ. पीईईई... टुर्र... की ओळ. बाहेर रांगेतल्या पोट्ट्यांना ते पाठ झालं. आत टेप सुरू व्हायच्या आधीच बाहेरून "पीईईई" यायचं. मग पोट्ट्यांचे आपसांतच सवाल-जवाब सुरू व्हायचे.

"डोंगा येऊन राह्यला का गा?"

"येऊन राह्यला."

"कुठीवर आला?"

"चामोर्शीपर्यंत आला, तिथी चहा पिऊन राह्यला!"

मग ओळ यायची, आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "बुडालाऽऽ बाप्पा!"

नथ्थूनं पहिला संशय घेतला जनरेटरवर. जत्रेला वीज पुरवणारा हरिदास विडी ओढत बसला होता.

"हरिदासभाऊ, तुह्या करंटात दम नाई."

"माह्या करंटावर अख्खे पाळणे फिरून राह्यले. तुह्या डबड्यालेच काऊन दम लागते?"

"पाच मिनिटं ते पाळणे थांबव. माह्या खेळ एकदा चढू दे."

"थांबवू? अन् वर टांगल्या मान्साइले काय सांगू, बसा बाप्पा, नथ्थूचा डोंगा येऊन राह्यला?"

तरी जेवणाच्या वेळी पाळणे थांबले तेव्हा नथ्थूनं ताट सोडून धाव घेतली. ओळच आली. भाजी गार झाली ती वेगळीच.

मग टीव्ही या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मग वायर काढ, फुंक मार, खोच. टेपचं आवाजाचं बटण एकेक रेघ पुढं सरकवलं, एकेक रेघ मागं. दुकानदारानं त्याच खेळाची दुसरी कॅसेट दिली होती, ती काढली. तिलाही केसरबाईनं पहिल्याच दिवशी टिळा लावून ठेवला होता. ओळ.

श्रावण हात पुसत तंबूत डोकावला. "भाऊजी, उद्या उपास. साबुदाना वडे करतो म्हनलं. साबुदाना दोघाच्या हिशोबानं भिजवू ना?"

"तू तुह्यी कढई पाह्य."

"पाह्यली ना. तुमच्यासाठी झारा पन पाह्यून ठेवला. हलका आहे, हात दुखनार नाई."

आता उरली बायको. नथ्थू तिच्यावर उलटला. "आज कुंकू लावलं का नाई?"

"लावलं ना."

"बराबर लावलं का? काही कमी पडून राह्यलं तुह्यं. अजून लाव!"

केसरबाईला हे ऐकून बरंच वाटलं. लग्नापासून पूजेच्या बाबतीत तिला कुणी 'अजून' म्हटलं नव्हतं. तिनं मन लावून लावलं.

शिवरात्र उजाडली. नदीत न्हाऊन ओल्या केसांची माणसं देवळाकडे आणि देवळाकडून जत्रेत येऊ लागली. तंबूसमोर रांग लागली. यंदा टीव्हीतला डोंगा आहे ही बातमी गावोगावी पसरली होती. बंद आहे ही बातमी कशी कोण जाणे, मागंच राहिली होती. नथ्थूनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पीईई... आणि त्याच्यापुढं टुर्रसुद्धा नाही. ओळ.

शेजारी श्रावणनं कढईजवळ एक रिकामं खोकं आणून ठेवलं आणि त्यावर पोतं अंथरलं.  नथ्थूला ते झाऱ्यापेक्षा जास्त लागलं.

"निदान गानं तरी ऐका बे!" नथ्थू रांगेवर खेकसला, आणि गर्दी धरून ठेवायला त्यानं लग्नाच्या गाण्यांची कॅसेट टेपमध्ये कोंबली. गाणारी बाई गोधडीत तोंड खुपसून गाऊ लागली. शब्द नाही, ताल नाही, नुसतं गुंऽऽ गुंऽऽ.

"हिले सर्दी झाली का गा?" रांगेतून आवाज आला.

नथ्थूनं कान टेपला लावला. हीच बाई मागच्या आठवड्यात घरी याच टेपवर खणखणीत गात होती. आणि या बाईचा कॉम्प्युटरशी काय संबंध? टीव्हीशी काय संबंध? म्हणजे कॉम्प्युटर बहिरा नव्हता. टेपच तोंडातल्या तोंडात बोलत होता.

त्यानं कॅसेट काढली, झाकण वर केलं, बॅटरी मारली. फीत जिथं घासून जाते ते चकचकीत लोखंडी डोकं दिसायला हवं होतं. तिथं लालभडक, तेलकट लेप होता. शेजारच्या रबरी चाकाला हळद. त्यानं बोट फिरवलं. बोट नव्या नवरीच्या कपाळासारखं निघालं.

"केसर! हे काय आहे?"

"कुंकू."

"ते दिसते मले. इथी कसं आलं?"

"मले काय माईत? मी तं कॅसेटच्या तोंडाले लावलं होतं."

"अवं, ते तोंड इथी येऊन घासते! चार दिवस झाले, तू याचं तोंड लिपून राह्यली!"

"अन् 'अजून लाव' कोन म्हनलं?"

नथ्थूनं बोट धोतराला पुसलं.

आता ते काढायचं कसं? कोरड्या फडक्यानं ते आणखीच पसरलं. पाण्याला तेल दाद देईना. स्पिरिटसारखं काहीतरी हवं होतं, आणि जत्रेत स्पिरिट कुठलं? समोर बुधरी म्हातारी मोहफुलांचे लाडू विकत बसली होती. दुखऱ्या गुडघ्यांना चोळायला ती मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूची बाटली जवळ ठेवते, हे सगळ्या जत्रेला माहीत होतं.

"बुधरीबाई, तुह्या गुडघ्याची दवाई दे जराशी."

"कोनाचे गुडघे दुखून राह्यले?"

"टेपचे."

बुधरीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शिवरातीच्या उपासाले पाह्यजे असन तं सरळ माग ना गा. टेपचं नाव काऊन बदनाम करते?" पण झाकणभर दिली.

नथ्थूनं कापसाची वात भिजवली आणि पुसलं. वात लाल. दुसरी लाल. तिसरी गुलाबी. शेवटची पांढरी निघाली तेव्हा आतलं लोखंड चमकलं. मग खेळाच्या कॅसेटचं तोंड पुसलं. नशीब एवढंच, की कुंकू लागलं होतं ते फितीच्या सुरुवातीच्या कोऱ्या तुकड्याला.

पीईईई... टुर्र... किर्रर्रर्रर्र. या वेळी आवाज असा धारदार, की बाहेरचे पोट्टे नक्कल करायची विसरले. किर्रर्रर्र चालू राहिलं. ओळ आली नाही. टीव्हीवर नदी आली, दगड आले, आणि मधोमध डोंगा.

"या बाप्पा, या! डोंगा लागला काठाले! दगडावर आपटला तं मले बोलू नका, बुडाले तं सांगा, झेलतो!"

दुपारपर्यंत रांग श्रावणच्या दुकानाला वळसा घालून गेली. शेवटी श्रावणही रांगेत दिसला. त्याचा डोंगा पहिल्याच दगडावर फुटला. "भाऊजी, बटन घसरून राह्यलं!"

"बटन नाई साळेबुवा, तुमचे बोटं. जा, पहिले तेल पुसून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नथ्थू तंबूत शिरला तर केसरबाई आधीच आत. हातात कुंकवाची वाटी नव्हती. बुधरीकडून आणलेलं झाकण होतं.

"हे काय?"

"याच्या देवाले कुंकू चालत नाई. मोह लागते. काल पाह्यलं ना आपुन?"

"अवं, देव नाई तो. मळ होता. मळ निघाला म्हनून चालला."

"तेच तं म्हनून राह्यली मी. मोह देल्ला अन् चालला."

नथ्थूनं पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. बाहेर माणसं गोळा होऊ लागली होती. त्यानं कपाळावर हात मारला, झाकण उघडलं, वात तिच्या हातात दिली.

"पाह्य. हे लोखंड दिसते? एवढंच पुसायचं. रोज सकाळी. दुसरीकडे थेंब नाई पडू द्यायचा."

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पुसलं. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा हलक्या हातानं पुसलं.

"अन् टीव्हीले?"

"टीव्हीले काही नाई."

"अन् त्या बटनाच्या पाटीले? दोनच थेंब—"

"केसर!"