दापोडीचा उमेदवार

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं. तिसरीत शाळा सुटली माझी, तरी पिंपरीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर चौतीस वर्षं काढली. भरती कशी झाली म्हणाल, तर फोरमन गेटवर आला, माझे पंजे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "चल आत." बस. म्हणून नात माणसं भरायच्या कामाला लागली तेव्हा मला वाटलं, यात शिकायचं काय असतं?

ती एमबीए झालेली. निगडीला नोकऱ्या लावून देणाऱ्या एका ऑफिसात सहा महिने इंटर्न. इंटर्न म्हणजे काम पुरं, पगार अर्धा, आणि ठेवणार का नाही ते शेवटी सांगणार. दिवसभर फोन. "सर, उद्या नक्की येताय ना?" पोरं हो म्हणायची आणि हजर व्हायच्या दिवशी फोन बंद. तिचा जीव विटला होता. ऐकून ऐकून माझाही.

शेवटी साहेबांनी तिला सांगितलं, चाकणच्या कंपनीत सोमवारी आठही जण हजर झाले तर तू कायम. एक कमी पडला तरी नमस्कार.

रविवारी दुपारी ती न्हायला गेली होती. फोन वाजत राहिला, मी उचलला. त्या आठांतलाच एक. परभणीकडचा, डिप्लोमा झालेला, दापोडीत खोली घेऊन राहणारा.

"मॅडम आहेत का?"

"मॅडमचा आजोबा बोलतोय. बोल."

"आजोबा, कंपनीत काम कसं असतं हो?"

किती दिवसांनी मला कुणी कामाचं विचारत होतं. म्हटलं, "लेका, प्रेसवर उभं राहून पाय सुजतात. डावा कान गेलाय माझा. डिप्लोमा यासाठी केलास व्हय?"

तो "बरं झालं सांगितलंत" म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नात त्याला फोन लावत राहिली, तो बंद. शेवटी दुपारी त्याचा फोन येऊन गेलाय हे तिला दिसलं. माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आबा, काय सांगितलंत त्याला?"

"खरं ते."

"तो प्रेसवर नव्हता हो! तपासणीला होता. काचेच्या खोलीत बसून पार्टची मापं घ्यायची."

"कारखाना म्हणजे कारखाना. मला नको शिकवू."

"तुम्ही शेवटचे कारखान्यात कधी गेला होतात, आबा?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

ती रडली नाही. राहिलेल्या सात जणांना एकेक फोन करत बसली, आवाज तसाच गोड. तो गोड आवाज मला ऐकवेना. 'चुकलो' असं मी फोरमनपुढंही कधी म्हटलं नव्हतं. त्यापायी एकदा आठ दिवस घरी बसवलं होतं मला, तरी म्हटलं नाही. आता या वयात पोरीपुढं म्हणू? दोन घास खाल्ले आणि भिंतीकडं तोंड करून पडलो.

दुसऱ्या दिवशी पाचलाच उठलो. तिची यादी टेबलावर होती, तीत पोराचा पत्ता आणि कंपनीच्या बसची वेळ. तिसरीचं वाचन तेवढ्याला पुरलं. पिंपळे गुरवहून पूल ओलांडून चालत दापोडीला गेलो. गुडघे बोलत होते. रेल्वेकडच्या गल्लीत दोन दारं चुकीची वाजवली, शिव्या खाल्ल्या. तिसरं त्यानं उघडलं, तोंडात ब्रश.

"कालचा म्हातारा मी," म्हटलं. "तुला चुकीचं सांगितलं. तुझं काम बसून आहे. मी घरी बसून चौदा वर्षं झाली, मला आताचं ठाऊक न्हाई."

"एवढ्यासाठी आलात आजोबा?"

"कंपनीची बस सव्वासहाला येते. बूट घाल."

आणि तो बूट घालेपर्यंत दारातून हललो नाही.