नणंदेचे निखारे

बायांनो, मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे.

आमच्या ह्यांना दुसरं फुप्फुस बसवायचंय. डॉक्टर म्हणाले, आधी अंगात ताकद आणा, तरच ऑपरेशन. म्हणून नाकात ऑक्सिजनची नळी लावून मी ह्यांना रोज पडवीत चालवते. नव्या नवरीसारखे लाजत चालतात!

आज पहिल्यांदाच न थांबता पडवीच्या टोकाला पोचले. तेवढ्यात चौलची नणंद आत आली. हातात निखाऱ्यांची पळी, वर मीठ-मिरच्या. म्हणे, "दादाची दृष्ट काढते!"

ऑक्सिजन चालू, आणि ही विस्तव घेऊन जवळ! मिरच्यांचा खकाणा उठला. हे खोकून खोकून निळे पडले.

ही म्हणते कशी, "ठसका लागला ना? म्हंजे दृष्ट न्हायच लागलेली!"

मी भांड्यांच्या खरकट्या पाण्याची बादली निखाऱ्यांवर ओतली. थोडी तिच्या साडीवरही गेली.

आता हे उशीला टेकून बसलेत. चालायचं नाव काढलं की नको म्हणून मान हलवतात. असल्या मायेची शिसारी आली मला.

उद्या कडी लावूनच चालवीन. तुमच्याकडे असे मायाळू पाहुणे आले, तर तुम्ही चहा देता की बादली?