पिशवीतला उजेड

निमगाव सावा गावात चिमाबाईला ओळखणारी माणसं पुष्कळ, पण तिच्या शेळ्यांना ओळखणारी त्याहून जास्त. कारण चिमाबाई कुणाच्या बांधात शिरत नाही, शेळ्या शिरतात. कुणी भांडायला आलं की ती त्याला काही बोलत नाही, शेळीलाच बोलायला लागते. ती इतकं बोलते की भांडायला आलेल्यालाच शेळीची कणव येते आणि "असू द्या मावशी, मुकं जनावर हाय," म्हणून तोच परत फिरतो.

तिचं माहेर लोणीचं. शाळेत गेली ती दुसरीपर्यंत, आणि त्यातलंही निम्मं धाकट्या भावाला काखेत घेऊन. लग्न होऊन इकडे आली, नवऱ्याच्या, म्हणजे धर्माजीच्या बरोबरीनं कांदा लावला, कांदा काढला, विहीर खोल केली. धर्माजी गेला. एकुलता मुलगा रामदास चाकणला कंपनीत लागला. तिथंच खोली घेऊन राहतो, सुट्टीला घरी येतो. सून मोहिनी घरी असते, शिलाई मशीन चालवते. शेती वाट्यानं दिलेली. उरल्या शेळ्या, आणि त्या चिमाबाईच्या. त्यांच्यामागं दिवसभर चालते म्हणूनच तिचे गुडघे अजून शाबूत आहेत, असं तिचं म्हणणं. डॉक्टरचं म्हणणं वेगळं आहे, पण डॉक्टरला तिनं विचारलेलं नाही.

आता आमच्या भागात उसात बिबट्या असणं ही काही बातमी राहिली नाही. माणसाच्या आवाजाला तो बिचकतो म्हणतात, म्हणून रानात एकटं असलं की लोक मोबाईलवर गाणी लावून ठेवतात. रामदासनं आईला मोबाईल दिला तो याच कामासाठी. चिमाबाईनं गाणी लावून पाहिली, पण पटली नाहीत. गाण्यात मधेच नुसती वाजंत्री होते, माणूस गप्प बसतो. तेवढ्यात त्यानं डाव साधला म्हणजे? मग तिनं एक कीर्तनकार बुवा निवडले. ज्ञान बघून नव्हे, आवाज बघून. बुवा तास तासभर दम घेत नाहीत, आणि समोरच्यांना असे झाडतात की बिबट्यालासुद्धा आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

फक्त एक होतं. ते कीर्तन व्हिडिओवरचं. मोबाईलचा पडदा बंद केला की बुवाही बंद. म्हणून पडदा दिवसभर चालू ठेवायचा. मोहिनीनं उरल्या कापडाची जाड पिशवी शिवून दिली होती. ती गळ्यात अडकवायची, आत बुवा बोलत राहायचे, आणि पुढं शेळ्या, मागं चिमाबाई. संध्याकाळपर्यंत बुवा टिकायचे.

पण चिमाबाईच्या मनात एक शंका शिरली. पिशवीतून मोबाईल काढला की पहिल्यांदा तो अंधूक दिसायचा, मग हळूहळू उजळायचा. घरात आणला की पुन्हा मंद. तिचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं लक्षणं तिला पाठ होती.

"ह्याचे डोळे चाललेत," ती म्हणाली, आणि मोबाईल घेऊन सावळेरामकडं गेली.

सावळेराम जळलेल्या मोटरी भरून देतो. पंचक्रोशीतल्या निम्म्या मोटरी त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, मोबाईलच्या पोटात बोट घालून इकडं तिकडं फिरवलं आणि एकदम थांबला.

"वैनी, ह्यात ऑटो चालूय."

"आं? फोनात बी ऑटो असतो?"

"आता सगळ्यातच घुसवलाय. ह्यो आपल्या मनानं उजेड कमी-जास्त करतो."

"कुणाला इचारून?"

"कुणालाच न्हाई. तेच तर."

ऑटो हा शब्द चिमाबाईच्या घरात शिवीसारखा. एके साली धर्माजीनं मोटरीला ऑटो बसवला होता, लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. घरातली सगळी लग्नाला गेली. लाईट आली, ऑटोनं इमानानं मोटर चालू केली, विहिरीत पाणी नव्हतं. मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. ती भरायला आली तेव्हापासून सावळेराम दिसेल त्याला सांगत सुटला की ऑटो काढा, ऑटो काढा.

"काढ मंग," चिमाबाई म्हणाली.

त्यानं काढला. आणि उन्हात नीट दिसावं म्हणून उजेडाची पट्टी पार शेवटाला नेऊन ठेवली. मोबाईल लखलखला.

"आता कसं!" सावळेराम म्हणाला.

"एक नंबरी काम," चिमाबाई म्हणाली, आणि त्याला जाताना शेवग्याच्या शेंगा दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून बुवा दुपारीच गप्प व्हायला लागले. भाकरी खाऊन हात धुतेय तोवर मोबाईल काळाठिक्कर. चिमाबाईनं आधी चार्जरला दोष दिला, मग लाईटला, मग मोबाईललाच, की उन्हानं तापत असेल. त्याला ओल्या फडक्यात गुंडाळायला निघाली होती, मोहिनीनं हातातून ओढून घेतला म्हणून वाचला. रामदासनं जास्तीची बॅटरी आणून दिली, बरोबर न्यायची, तर तिची वायर बुटकी नावाच्या शेळीनं खाल्ली. ऑटोवर मात्र कुणाचा संशय गेला नाही. मोहिनीला तर तो काढल्याचं माहीतच नव्हतं. आणि ऑटो काढल्यानं कधी काही बिघडतं का?

एके दिवशी संध्याकाळी रामदासनं आईला फोन केला, लागला नाही. मोहिनीला केला, तर ती म्हणाली, "आत्या अजून आल्या न्हाईत." त्याच दिवशी शेजारच्या गावात बिबट्यानं वासरू नेल्याचं त्यानं वाचलं होतं. गड्यानं मोटारसायकल काढली आणि चाकणहून सुटला तो थेट घरी. चिमाबाई ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होती.

"आज कशी काय सुट्टी?" तिनं विचारलं.

रामदासचं तोंड लालबुंद. हेल्मेट काढेना, तसाच उभा. "आई, तू मला मारशील एक दिवस."

"मी? मी तर च्या पितीय."

पण तो हसला नाही. एरवी आईपुढं आवाज न काढणारा मुलगा, पण त्या दिवशी खाली बसला आणि शांतपणे बोलला, आणि तेच तिला लागलं. आता रोज दिवस मावळताना फोन करणार. उद्यापासून रविवारपर्यंत. एक दिवस जरी नाही लागला, तरी सोमवारी शेळ्या बेल्ह्याच्या बाजारात. सगळ्या. "मला तिथं मशीनवर उभं राहून जीव टांगणीला लावायचा न्हाई."

चिमाबाई बशी धुवायला उठली. त्या रात्री जेवणात तिनं मोहिनीला विचारलं, "तुला बी वाटतं का विकाव्या?"

मोहिनी प्रामाणिक बाई. "लेंड्या मला काढाव्या लागतात, आत्या," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, भांडी घासता घासता म्हणाली, "पण तुमी घरात बसला, तर मला दिवसभर तुमचं ऐकावं लागंल. त्यापरीस लेंड्या बऱ्या."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. चिमाबाई भाकरी खायला विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत शिरली. खिडकी नाही, दार लोटलं की आत थंड आणि अंधार. भाकरी सोडली, कांदा बुक्कीनं फोडला, आणि बघते तर छातीवरची पिशवी उजळलेली. त्या जाड कापडातून, टाक्या-टाक्यातून उजेड बाहेर येत होता. देवळीत दिवा ठेवावा तसा.

"अगं बया," ती म्हणाली. "आत कुणासाठी दिवाळी चाललीय?"

आत बघायला कोणी नव्हतं. बुवांना उजेडाची गरज नव्हती, ते बोलतच होते. बिबट्याला तर फक्त ऐकायचं होतं. आणि उजेड मात्र दिवसभर पिशवीच्या पोटात पूर्ण जोरानं जळत होता. चिमाबाईनं समोरच्या मोटरीकडं पाहिलं, मग पिशवीकडं पाहिलं. कोरडी फिरतीय, तिच्या मनात आलं. ही पण कोरडीच फिरतीय. तेव्हा ऑटो होता म्हणून फिरली, आता ऑटो नाही म्हणून फिरतीय.

भाकरी तशीच फडक्यात बांधून ती शेळ्यांसकट भर दुपारी घरी आली. शेळ्यांनाही नवल वाटलं.

"मोहिनी, त्यो ऑटो परत बसव."

"कसला ऑटो?"

सगळं ऐकून झाल्यावर मोहिनीनं शिलाई मशीन थांबवून डोकं हातात धरलं. "म्हंजे उजेड फुल करून पिशवीत ठेवत व्हता? दिवसभर? आत्या, मला इचारायचं तरी!"

"तू कामात असती."

"अन् सावळेराममामा रिकामे असतात का?"

"त्यो हुशार हाय म्हणून गेले," चिमाबाई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

मोहिनीनं ऑटो चालू केला. मोबाईल पिशवीत घातला, तो मांजरासारखे डोळे मिटून मंद झाला. बाहेर ओट्यावर उन्हात धरला, तो उजळला. दोघींनी आत-बाहेर, आत-बाहेर करून पाहिलं. जाता जाता बांधावरून सावळेराम ओरडला, "काय चाललंय वैनी?"

"ऑटो बसवला!"

"जळंल बरं का!"

"तुझा विहिरीवरला येगळा, ह्यो येगळा! ह्यो अंधारात गप ऱ्हातो!"

"दोन्ही बी सारखंच!" तो म्हणाला आणि गेला. अजूनही तो तेच म्हणतो.

त्या संध्याकाळी रामदासचा फोन लागला. दुसऱ्या दिवशीही लागला, तिसऱ्या दिवशीही. बुवा दिवसभर बोलून झाले तरी मोबाईलमध्ये जीव शिल्लक राहायचा. "कुठंयस?" "ओढ्याकडं." "बरं." एवढंच बोलणं, पण दोन्हीकडं बरं वाटायचं.

मग आला रविवार. चाकणला कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणून रामदास कामावरच. त्या दिवशी लंकाबाई कांद्याच्या खुरपणीला आली होती. ही लंकाबाई मूळची भीमाशंकराकडच्या डोंगरातली, इकडं कामाला येते. तिच्या भाचीचं लग्न झालेलं आणि त्याचा व्हिडिओ मोहिनीच्या ओळखीच्या कुणीतरी चिमाबाईच्या मोबाईलवर पाठवलेला. लंकाबाईकडं साधा डबडा फोन. तिला कसं नाही म्हणायचं? दोघी बांधावर बसल्या, डोक्यावर ऊन, सावलीला एक काटकुळी बाभळ. हळद पाहिली, वरात पाहिली, नवरदेव किती ठेंगणा यावर चर्चा झाली, म्हणून तो परत पाहिला. उन्हात दिसावं म्हणून मोबाईल आपला जीव तोडून उजळत होता. ऑटो असला म्हणून काय झालं? उन्हात त्याला उजेड वाढवावाच लागतो, आणि वाढवला की तेवढं तेल जातंच. लंकाबाई डोळे पुसत खुरप्याकडं वळली तेव्हा वरच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण लाल झाली होती.

ऊन उतरायला लागलेलं, सोमवार उद्यावर. शेळ्या ओढ्याच्या कडेला, पलीकडं ऊस. बुवा चालू ठेवले तर दिवस मावळायच्या आत मोबाईल झोपणार, रामदासचा फोन लागणार नाही. बुवा बंद केले तर रान गप्प. गप्प रानातून शेळ्या हाकत घरी जायचं, ते पण उसाच्या कडेनं.

तिनं बुवांना बंद केलं. पडदाही बंद केला. मोबाईल पिशवीत ठेवला. काठी आपटली, घसा खाकरला, आणि स्वतःच बोलायला सुरुवात केली.

"ऐक रे बाबा उसातल्या," ती मोठ्यांदा म्हणाली. "आज बुवा न्हाईत, मीच हाय. मला काय अभंग-बिभंग येत न्हाईत. पर तुला सांगण्यासारखं माझ्याकडं लई हाय."

आणि तिनं सांगितलं. सावळेरामचा ऑटो सांगितला, बुटकीनं खाल्लेली वायर सांगितली, मोहिनीचं लेंड्यांचं बोलणं सांगितलं, लंकाबाईच्या भाचीचा ठेंगणा नवरा सांगितला. शेळ्या कान टवकारून चालत होत्या. इतक्या जवळून एवढं बोलणं त्यांनी फक्त शिव्या खातानाच ऐकलं होतं. ऊस हलत होता, पण वाऱ्यानंच.

"अन् माझा रामदास," ती म्हणत होती, "त्याला वाटतंय मी हट्टी हाय. आता मला सांग, सगळं आयुष्य चालत आले, मला ओट्यावर बसवून तो काय करणार? भिंतीकडं बघू? त्यो भितो रे, माझ्यासाठी भितो, मला कळतंय ते. तुला आई असंल तर तुला बी कळंल. पर त्याला हे तोंडावर सांगता येत न्हाई मला, तुला सांगतीय..."

छातीवर पिशवी थरथरली. तिनं घाईघाईनं मोबाईल काढला. लाल खूण अजून होती.

"आई?" रामदास म्हणाला. "कुठंयस? बुवांचा आवाज येत न्हाई."

"उसाच्या कडंला. घरी निघालीय. शेळ्या पुढं हायत."

"मग बोलत कुणाशी व्हतीस? मोहिनी फोनवर म्हणाली, लांबून तुझाच आवाज येतोय."

"बिबट्याशी."

पलीकडं रामदासला हसू फुटलं, आवरेना. चाकणच्या त्या मशिनींच्या आवाजातसुद्धा ते तिला ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

"काय म्हणतोय त्यो?"

"ऐकून घेतोय. तुझ्यापरीस बरा हाय."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ते सोमवारचं..."

"काय सोमवारचं?"

"काय न्हाई. बाजाराचं न्हाई आता. मोहिनीला सांग, गुरुवारी येतोय, तेव्हा दुसरी वायर आणतो. अन् ती बुटकीच्या तोंडाजवळ..."

"मोहिनीला तूच सांग," चिमाबाई म्हणाली. "माझी बॅटरी जाते."

तिनं फोन ठेवला, पिशवीची चेन ओढली आणि काठी पुन्हा जमिनीवर आपटली.

"हां," ती उसाकडं तोंड करून म्हणाली, "तर मी काय सांगत व्हते?"