कंपाउंडरचा हात

सुई टोचण्याआधी कंपाउंडर हमखास एक प्रश्न विचारायचा, आणि तोही असा, की माणसाला थोडं आठवावं लागे. "परवा तुमच्या घरी भाजी कोनती होती?" आपण म्हणायचो, "भेंडीची... नाही, त्या दिवशी बरबटीच्या शेंगा..." तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची आणि तो कापूस दाबत म्हणायचा, "भेंडीच असन." गोंदियाच्या आमच्या भागात त्याचं नाव त्यामुळे बिनदुख्या पडलं होतं. आम्ही मित्र मात्र त्याला नुसतं कंपाउंडर म्हणायचो.

ऐन विशीत तो बाजारामागच्या एका दवाखान्यात लागला आणि तिथेच राहिला. "दुखलं तं मले सांगा, डॉक्टरले नका सांगू," असं तो पेशंटला बजावायचा, आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. कोणी हात दुखतो म्हणालं, की संध्याकाळी स्कूटर त्याच्या दारात. आत यायचा नाही, उंबऱ्यातूनच दंड बघायचा, आणि समाधान झालं की निघायचा. एकदा माझ्या बायकोनं गमतीनं खोटंच सांगितलं, तर हा माणूस जेवण टाकून आला. खरं कळल्यावर रागावला नाही. "दुखत नाई ना? मंग झालं," म्हणाला.

रविवारी सकाळी तो जवळच्या नागरा गावी जायचा. दवाखान्यापर्यंत येणं न जमणारी काही म्हातारी माणसं तिथे होती. त्यांतली एक शेवंताबाई, देवळाच्या मागच्या आळीत एकटी राहणारी. डॉक्टरांनी तिला ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली होती. तिथून परतला, की स्टेशनाजवळच्या टपरीवर आम्ही तिघं जमायचो. मी माझं विजेच्या सामानाचं दुकान उशिरा उघडायचो. तिसरा दिनेश, धानाचा व्यापारी. तो बोलायचा हिंदीत, चिडवायचा हिंदीत आणि चहाही हिंदीतच मागवायचा.

दोनेक वर्षांपूर्वी कंपाउंडरनं अचानक चहा सोडला. कारण विचारलं तर "पित्त होऊन राहिलं" म्हणाला. मग टपरीवर येणंच कमी झालं, आणि पुढे बंद. दिनेशला ते लागलं. "बड़ा आदमी हो गया अपना कंपाउंडर," असं तो म्हणू लागला. मलाही तसंच काहीसं वाटत होतं.

त्याच सुमारास बिरसी विमानतळाच्या रस्त्याला एका बागेत छोट्या गोल्फचा खेळ सुरू झाला. हिरव्या गालिच्याचे आखूड पट्टे, त्यांवर सिमेंटचा हत्ती, पवनचक्की, एक लुटुपुटीचा पूल; काठीनं रंगीत चेंडू ढकलत शेवटच्या खळग्यात घालायचा. दिनेशनं एका रविवारी कंपाउंडरला घरून जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. "आज तू नहीं बचेगा," म्हणाला. कंपाउंडर नुसता हसला.

बागेत मजा आली, निदान आम्हा दोघांना. दिनेशचा चेंडू हत्तीच्या पायांतून निघून थेट खळग्यात गेला, तेव्हा तो नाचलाच. वरून विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचं एक छोटं विमान घरघरत गेलं, तर त्यालाही त्यानं सलाम ठोकला. मग कंपाउंडरची पाळी आली. त्यानं काठी धरली आणि काठीचं टोक चेंडूशेजारी थरथरायला लागलं. मारलं ते चेंडूच्या बाजूनं. परत मारलं, चेंडू पट्ट्याबाहेर. शेजारच्या पट्ट्यावरची माणसं थांबून बघू लागली.

"अरे यार, इससे अच्छा तो मेरा पोता खेलता है," दिनेश म्हणाला. "रात की उतरी नहीं क्या?"

सगळे हसले. मीही हसलो. कंपाउंडरचं तोंड लाल झालं, आणि तो म्हणाला, "हो ना, कालची जास्त झाली."

माझं हसू तिथेच थांबलं. या माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. काठी गालिच्यावर ठेवून तो बाकाकडे गेला. मी मागोमाग जाऊन शेजारी बसलो.

"खोटं काऊन बोलला?"

दोन्ही हात पुढे धरून तो म्हणाला, "हे पाह्य. वर्ष होऊन राहिलं. कप धरला का सांडते."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"त्याईले सांगतलं तं ते सुई काढून घेतीन. मंग मी कोन?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं मला थांबवलं. "ऐक ना पुरं. मागच्या रविवारी शेवंताबाईले सुई देताना हात हालला. सुई आडवी गेली, रक्त आलं. दंड तिथल्या तिथं फुगला. ते म्हातारी काय म्हणे, 'माफ कर बापू, माझाच हात हालला.' तिचा हात दगडासारखा होता रे. मी चूप राहिलो. तिनं मले माफी मागली, अन् मी ते घेऊन घरी आलो."

तो रडला नाही. गालिच्यावरच्या त्या सिमेंटच्या हत्तीकडे बघत राहिला. "तुमी दारुड्या म्हणा, चालते मले," म्हणाला. "ते बरं वाटते त्याच्यापरीस."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईला खरं सांगायला आम्ही दोघं नागऱ्याला गेलो. स्कूटर मी चालवली. तळ्याजवळ आल्यावर तो म्हणाला, "वापस जाऊ, पुढच्या हप्त्यात येऊ." मी स्कूटर थांबवली नाही.

शेवंताबाई अंगणात धान पाखडत होती, एका हातानं. दुसरा हात मांडीवर ठेवलेला, दंड निळा-काळा पडलेला. कंपाउंडरनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: हात कधीपासून थरथरतो, चूक कोणाची होती, तो कसा गप्प राहिला. मला वाटलं, म्हातारी आता म्हणेल, जाऊ दे बापू. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले का मालूम नोतं?" ती म्हणाली. "तुया तोंडाकडे पाह्यलं अन् तसं बोलली मी. सुई चुकली तं चुकली. पन दंड एवढा सुजला, रातभर झोप नाई, अन् तू पाह्याले काऊन नाई आला?"

कंपाउंडर मान खाली घालून उभा राहिला. लहान मुलाला भरल्या वर्गात उभं करावं, तसा तो दिसत होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "उभा काऊन आहेस? चुलीवर पानी ठेव." त्यानं पाणी तापवलं, फडकं पिळलं आणि तिचा दंड शेकत बसला. पिळताना त्याचे हात थरथरत होते, पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं. तिनं दंड तसाच पुढे धरला. सूज उतरेपर्यंत तो रोज संध्याकाळी शेकायला जात होता.

नागऱ्याहून परतल्यावर त्यानं डॉक्टरांनाही सांगितलं. औषध सुरू झालं, थरथर थोडी कमी झाली, पण सुई त्यानं पुन्हा धरली नाही. नवी नर्स आली. हा पेशंटजवळ स्टुलावर बसून भाजीचे प्रश्न विचारायचा आणि सुई ती द्यायची. दिनेशला मी कंपाउंडरच्या परवानगीनं खरं सांगितलं. पुढच्या रविवारी कंपाउंडर पुन्हा टपरीवर आला, आणि दिनेश आला तो खाली मान घालून. त्यानं कंपाउंडरसाठी हळूच अर्धा चहा मागवला.

"अर्धा काऊन? पुरा सांग," कंपाउंडर म्हणाला. "सांडला तं तू पूस."

दिनेशनं खरोखरच टेबल पुसलं, आणि त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर कंपाउंडरची मुलगी त्याला आपल्याकडे दुर्गला घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. सकाळीच हृदय बंद पडून तो गेला होता. मी दुकानात तसाच बसून राहिलो. दिनेशला फोन केला, तो हुंदके देत "वो बात मुझे नहीं बोलनी थी" एवढंच म्हणत राहिला. मग नागऱ्याची आठवण झाली. उद्या जाऊ, असं एकदा मनात आलंच. त्या विचाराचीच लाज वाटली, आणि शटर ओढून मी निघालो.

दिवस मावळत होता. शेवंताबाई दारातच होती. मला असं अवेळी दारात बघूनच ती समजली असावी. मी सांगितलं. ती भिंतीला धरून खाली बसली, पदर तोंडावर घेतला. मग पदर बाजूला करून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आजच आला," ती म्हणाली. "बरं केलं."