अर्धा टँकर

ह्यांना जाऊन आता दीड महिना होईल. त्या दिवशी सकाळी मी कसबा पेठेत होते. आमच्या जुन्या शेजारणीच्या नातीचं बारसं होतं. हे वाघोलीला घरीच थांबले होते. बायकांच्या गर्दीत मी काय करू, म्हणाले, येताना तांबडा भोपळा आण, बऱ्याच दिवसांत घारगे झाले नाहीत. भाजीवाल्याकडून मी भोपळ्याची फोड कापून घेत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला. "ताई, कुठं हायेस? रिक्षा करून ये. बसनं नको येऊस." बाळूने आयुष्यात मला कधी रिक्षा कर म्हणून सांगितलं नव्हतं. पुढचं काही त्याने सांगायची गरजच उरली नाही... चहा पिऊन हे आरामात बसले होते, बसल्या बसल्याच गेले. कुणाला त्रास दिला नाही.

अंत्यविधीला माणसं किती यावीत! आजूबाजूच्या सोसायट्यांमधले वॉचमन, वृद्धाश्रमातल्या ताई, आणि जिच्याशी ह्यांचं दर उन्हाळ्यात भांडण व्हायचं त्या सोसायटीची अख्खी कमिटी. एका आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वसंतराव म्हणजे जन्माचे ड्रायव्हर हो." मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर आमचं लग्न झालं तेव्हा हे ड्रायव्हर नव्हते. गाडीचा विषय निघाला की उठून जायचे.

लग्न आमचं उशिराच झालं. आईवडिलांचं करता करता माझी पस्तिशी उलटली होती, ह्यांची चाळिशी. कसबा पेठेत एका भांड्यांच्या दुकानात हे कामाला होते आणि दुकानाच्या वरच दोन खोल्यांत राहायचे. माणूस अबोल, पण बोलला की समोरच्याने जपून राहावं. एका गिऱ्हाइकाने पातेलं चारदा उलटंसुलटं करून विचारलं, हे टिकेल ना? हे म्हणाले, "आपण टिकलात तर तेही टिकेल." पूर्वी हे साताऱ्याकडून पुण्याला दुधाचा टँकर आणायचे आणि एका अपघातानंतर त्यांनी ते काम सोडलं, एवढं मला सासूबाईंकडून कळलं होतं. त्यापलीकडे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण काही गोष्टी दिसायच्या. हे सगळीकडे पायी जायचे. बसमध्ये बसलेच तर अगदी मागे, डोळे मिटून. महाबळेश्वरला जाऊ या म्हटलं की ह्यांना नेमका ताप यायचा.

मग तो कोरडा उन्हाळा आला. वाघोलीत, माझ्या माहेरगावी, नव्या इमारती भराभर उभ्या राहिल्या होत्या, पण नळ आले नव्हते आणि बोअर आटले होते. आमच्या माहेरच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. बाळूने एक जुना टँकर घेऊन सोसायट्यांना पाणी द्यायला सुरुवात केली होती, आणि ऐन वैशाखात त्याचा ड्रायव्हर गावी निघून गेला तो परत आलाच नाही. बाळू आमच्याकडे येऊन बसला. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग त्याने मान खाली घालून विचारलं, "दाजी, तुम्ही टँकर चालवलाय. दुसरा माणूस मिळंस्तवर काढाल का जरा?" हे म्हणाले, चालवला होता, आता भांडी विकतो. बाळू उठून गेला. मला त्याचं वाईट वाटलं.

पुढच्या सुट्टीला मात्र हे स्वतःहून म्हणाले, चल, तुझ्या माहेरी जाऊन येऊ. तिथे पोचल्यावर घरात न येता ते थेट टँकरकडे गेले. टायर दाबून पाहिले, वाकून खाली पाहिलं, मग वर चढून बसले. चावी लावली नाही. माझा स्वयंपाक होऊन ताटं वाढायची वेळ झाली तरी हे तिथेच, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून... बाळू बोलवायला निघाला, त्याला मी थांबवलं.

जड वाहनाच्या लायसन्सची मुदत केव्हाच संपली होती. डोळ्यांच्या तपासणीपासून सगळं नव्याने करावं लागलं. दुकान उघडायच्या आधी हे वाघोलीला जाऊन रिकामा टँकर नांगरटीच्या रानात फिरवायचे. पहिल्या दिवशी तो इतक्या वेळा बंद पडला, की बांधावरच्या म्हशीदेखील बघायच्या थांबल्या, असं ह्यांनीच मला सांगितलं. स्वतःवरचा विनोद मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. शेवटी लायसन्स हातात आलं. दुकानाच्या मालकांनी महिन्याची सुट्टी दिली, आणि हे पाणी वाहायला लागले.

ह्यांचा नियम एकच होता. टँकर काठोकाठ भरलेला तरी हवा, नाहीतर रिकामा. अर्धा टँकर घेऊन ते रस्त्यावर जायचे नाहीत. एकाने निम्मं पाणी मागितलं तर हे सरळ नाही म्हणायचे. बाळू कुरकुरायचा, पण ऐकायचा.

एके दिवशी मी माहेरी आले होते आणि दुपारी मला कसबा पेठेत परतायचं होतं. हे म्हणाले, एक खेप टाकतो आणि तुला बसथांब्यावर सोडतो. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी वर चढून बसले. सोसायटीची टाकी निम्म्या पाण्यातच भरली, टँकरमध्ये अर्धं उरलं. पाइप काढला तोच वृद्धाश्रमातून निरोप आला, कालपासून प्यायलाही पाणी नाही, काहीतरी करा. वृद्धाश्रम उताराच्या पायथ्याशी. दुसरी गाडी नव्हती, आणि परत जाऊन टँकर भरून आणायचा तर विहिरीवरची वीज गेलेली.

ह्यांनी चावी फिरवली. गाडी हलली तसं मला मागचं पाणी ऐकू आलं. ब्रेक लावला की ते पुढे येऊन आदळायचं आणि सगळी गाडी पाठीत ढकलल्यासारखी पुढे जायची. उतार सुरू होण्याआधी ह्यांनी टँकर कडेला घेतला. हात थरथरत होते. मग समोर बघतच त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दूध अर्धंच होतं. घाटात वळण घेताना ते सगळं एका अंगाला गेलं आणि टँकर आडवा झाला. समोरून भरलेली बस येत होती, ती हातभर अंतरावरून निघून गेली. कुणाला काही झालं नाही, ह्यांचाच खांदा मोडला. पण बसच्या खिडक्यांमधले चेहरे... "कुणी मेलं नाही गं," हे म्हणाले, "तरी ते चेहरे जात नाहीत."

मी म्हटलं, "अहो, मग उरलेलं पाणी इथेच सोडून देऊ. गाडी रिकामी झाली की जाऊ."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "सोडून द्यायचं?" त्यांनी विचारलं. "आणि त्यांनी काय प्यायचं?"

पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याहूनही हळू, आम्ही तो उतार उतरलो. मागे भोंग्यांचा नुसता गलका. हे खिडकीतून हात काढून एकेकाला पुढे जायची खूण करत होते. पाणी आदळत होतं, आणि प्रत्येक वेळी ते आदळायच्या आधीच ह्यांचा पाय ब्रेकवरून निघालेला असायचा. निम्म्या उतारावर माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. थरथर थांबली होती.

वृद्धाश्रमाच्या टाकीत पाणी पडायला लागल्यावर ह्यांनी पाइपाखाली तोंड धुतलं, तसंच ओल्या तोंडाने हसले आणि म्हणाले, चल, रस पिऊ. चौकातल्या गुऱ्हाळात उभ्या उभ्या दोघांनी उसाचा रस घेतला. माझी बस गेली, पुढचीही गेली. आम्हा दोघांनाही घाई नव्हती.

महिन्याची सुट्टी संपली, पण हे दुकानात परत गेले नाहीत. आम्ही वाघोलीला राहायला आलो. अर्ध्या टँकरचा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, पण आता तो भीतीचा राहिला नव्हता, नव्या ड्रायव्हरांना समजावून सांगायचा झाला होता. बोलणं तेवढं तसंच राहिलं. उशीर झाला म्हणून कमिटीचे साहेब ओरडले, तेव्हा हे म्हणाले, "पाणी आणलंय साहेब, वरात नाही." त्यावरून दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी साहेबांनीच चहा पाजला. आणि हो, आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो. घाटात हे ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते, डोळे उघडे ठेवून. वाटेत त्याला दोन सूचनाही केल्या.

काही वर्षांनी नळ आले. टँकरचं काम कमी कमी होत बंद पडलं. मला वाटलं ह्यांना वाईट वाटेल, पण हे खुशीत होते. नळाला पाणी आलं हे चांगलंच झालं, म्हणाले, आणि मीही आता थकलो. टँकर भंगारात गेला, त्या दिवशी मात्र हे बाळूबरोबर गेले आणि ड्रायव्हरची सीट तेवढी सोडवून घेऊन आले. सुताराकडून तिला खाली उंच लाकडी चौकट करून घेतली, गॅलरीत ठेवली आणि सकाळचा चहा तिच्यावर बसूनच घ्यायला लागले. पाहुणे हसायचे. मीही म्हटलं, घरात खुर्च्या काय कमी आहेत?

परवा कपडे वाळत घालून झाल्यावर पाय दुखायला लागले म्हणून मी तिच्यावर बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. खुर्चीवर बसलं की आमच्या गॅलरीचा कठडा डोळ्यांच्या आड येतो, आकाश तेवढं दिसतं. ह्या सीटवरून रस्ता दिसतो, थेट चौकापर्यंत. शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या, वळणावर हळू होणारा एखादा मालट्रक... हे सकाळचा चहा इथे का घ्यायचे ते मला आत्ता कळलं. आता माझा चहाही मी तिथेच घेते.